गोठ्यातली बाळंतीण

डोंबिवलीच्या आमच्या घरी नाताळात येणारा कुणीतरी पाहुणा दरवर्षी तोच प्रश्न विचारतो. टीपॉयवर मांडलेल्या गोठ्यासमोर वाकतो, मेंढपाळ बघतो, आरशाच्या तुकड्याच्या तळ्यातली बदकं बघतो, आणि मग मारियामातेच्या गुडघ्यापाशी बोट नेऊन म्हणतो, "हा लाडू इथे कसा काय?" मेथीचा असतो तो, डिंक घातलेला. मी म्हणते, "बाळंतीण आहे ना ती." पाहुणा हसतो, मीही हसते, आणि केकची बशी पुढे करते. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं.

यंदा गोठ्याचा डबा माळ्यावरून काढायला मुहूर्त मिळाला तो नेमका सोसायटीची टाकी धुवायच्या दिवशी. सकाळपासून बादल्या भरून ठेवल्या होत्या, गॅसवाला येतो म्हणून आला नव्हता, इस्त्रीवाल्याकडे पडदे अडकले होते, आणि मी स्टुलावर चढून पत्र्याचा डबा ओढत होते. डबा उघडला की आधी वास येतो. डांबरगोळ्यांचा, वर्षानुवर्षं वापरलेल्या पेंढ्याचा आणि त्याखाली कुठेतरी कोलशेतच्या खाडीच्या मातीचा. खाडीचा वास माझ्या मनात आहे, डब्यात नाही, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. पण त्याच्या नाकावर मी कधीच विश्वास ठेवलेला नाही. दूध नासलेलंही त्याला कळत नाही.

कागदात गुंडाळलेल्या मूर्ती एकेक करून काढल्या. मारियामातेच्या निळ्या झग्यावर, गुडघ्याशी, एक पिवळट तेलकट डाग आहे. "मम्मी, रंगवून घेऊ या ना हिला," मुलगी दरवर्षी म्हणते. मी नको म्हणते. तो डाग तुपाचा आहे आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. डब्याच्या अगदी तळाशी एक पिवळं झबलं आहे, पांढऱ्या लेसचं. ते मी बाहेर काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि गॅसवाल्याने बेल वाजवेपर्यंत तशीच स्टुलावर बसून राहिले.

*

कोलशेतला आम्ही पारूमावशीच्या चाळीत राहायचो. मावशी आगरी. एके काळी त्यांची भातशेती होती, खाडीच्या काठाला मिठागर होतं. मग कंपन्या आल्या, जमिनीला गिऱ्हाईक आलं, आणि उरलेल्या तुकड्यावर मावशीच्या सासऱ्यांनी पत्र्याच्या खोल्यांची एक रांग बांधून भाडेकरू ठेवले. माझे पप्पा तिथल्याच एका रंगाच्या कंपनीत शिफ्टला जायचे. घरी यायचे ते कधी निळे, कधी लाल. त्यांच्या नोकरीपायी आई-पप्पा वसई सोडून तिथे आले आणि त्या अख्ख्या आळीत ख्रिस्ती म्हणून एकटं आमचंच घर. त्यामुळे आमचा नाताळ हा जवळजवळ सार्वजनिक मामला होता. प्रत्येकाला त्यात मत होतं.

आई कपडे शिवायची. तुळशीचं लग्न झालं की आगऱ्यांच्या घरी लग्नांचा हंगाम सुरू व्हायचा, म्हणजे आईच्या मशीनवर ब्लाउजांचा डोंगर. हळदीचे वेगळे, लग्नाचे वेगळे, वरमाईचे तर विचारूच नका. आमचा नाताळ या डोंगराच्या आजूबाजूने, जागा मिळेल तसा यायचा. मशीनच्या एका बाजूला हुकं-काजांचे ब्लाउज आणि दुसऱ्या बाजूला पताकांच्या साखळ्या. मध्ये आई, तोंडात टाचण्या धरून, त्यातूनच ओरडणारी, "कापडाची कात्री कागदाला लावू नका! धार जाते!" हे वाक्य माझ्या लहानपणीच्या डिसेंबरात मी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा कुठलंही नाताळगीत ऐकलेलं नाही.

कागदाला वेगळी कात्री होती, बोथट, एका पात्याला दोरा गुंडाळलेली. पप्पा सुट्टीच्या दिवशी कल्याणच्या बाजारात जाऊन घोटीव कागद, जिलेटीन आणि दोदोलसाठी गूळ घेऊन यायचे. दोदोल म्हणजे तांदळाच्या पिठात नारळाचं दूध आणि गूळ घालून घोटघोट घोटलेली आमची वडी. ती घोटताना हात भरून येतात, म्हणून ते काम पप्पांचं. खळ मी शिजवायची. मैद्याची खळ गरम असतानाच लावली तर नीट चिकटते, पण गरम असताना तिचा वास इतका चांगला यायचा की मी थोडी चाटायची. रॉकेलच्या रांगेत उभी राहायचे तेव्हाही एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात खळीची वाटी. रांग पुढे सरकेपर्यंत माझी साखळी हातभर वाढलेली असायची. मागच्या बायका ती साखळी जमिनीला लागू नये म्हणून उचलून धरायच्या आणि रांगेत नंबर कुणाचा यावरून भांडता भांडताच मला सांगायच्या, "लालच्या पुढं हिरवा लाव गो, दोन लाल येकाठायी नको."

गोठ्याला पाया चहाच्या खोक्याचा. त्यावर सिमेंटच्या गोणीचा कागद चुरगाळून डोंगर करायचे आणि खाडीची काळी माती पातळ करून फासायची. पेंढा मावशीच्या उडवीतला. मूर्तींमधलं गाढव कधीचं फुटलेलं होतं, त्याच्या जागी जत्रेतला मातीचा बैल होता. म्हणजे संत योसेफाच्या दोन्ही बाजूंना बैलच. मावशीला ते फार पसंत होतं. तिच्या मते एक बैल आणि एक गाढव हा शेतीचा काही प्रकारच नव्हता.

डिसेंबर लागला की मी करवंट्यांमध्ये माती घालून नाचणी पेरायची. अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीखाली ठेवायची, रोज पाण्याचा हबका मारायचा. नाताळापर्यंत हिरवंगार लुसलुशीत गवत. पहिल्या वर्षी मावशीने टोपली उचलून बघितली आणि आईला विचारलं, "तुमचं पन घट बसतात क?" आई म्हणाली, "नाही मावशी, हे गोठ्यातलं गवत." मावशीने मान हलवली. देवापुढे धान्य उगवायचं तर त्याला घट म्हणा नाहीतर गवत म्हणा, तिला चालणार होतं.

एका वर्षी पप्पांच्या डोक्यात आलं की डोंगरावर बर्फ पाहिजे. बर्फ आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता, बर्फाच्या गोळ्याखेरीज. पप्पांनी मावशीकडून मिठागराचं जाडं मीठ आणून डोंगरावर पसरलं. रात्री दिसलं मोठं सुंदर. पण कोलशेतची हवा खाडीची, सकाळपर्यंत मीठ पाझरलं आणि काळ्या मातीचे ओघळ मेंढपाळांच्या पायांवरून वाहत आईने कापून ठेवलेल्या एका वरमाईच्या अस्तरापर्यंत पोचले. आई पप्पांवर जी काही कडाडली! मावशी मात्र दारात उभी राहून वेगळ्याच गोष्टीवर चिडली होती. "मीठ काय सांडाची वस्तू हाय? देवाचा जरी असंल तरी!" त्यानंतर आमच्या डोंगरावर बर्फ कापसाचा.

आणि बाळ येशूचं झबलं. ती आईची खास बाब. चोवीस तारखेपर्यंत गव्हाण रिकामी ठेवायची आणि चर्चमधल्या रात्रीच्या मिस्साहून आल्यावर बाळ आईनेच ठेवायचं, हा आमच्या घरचा रिवाज. दर वर्षी ती बाळासाठी बोटभर नवं झबलं शिवायची, वर्षभरातल्या ब्लाउजांच्या उरलेल्या चिंध्यांतून. ही बातमी आळीत फुटल्यावर बायकांमध्ये चुरस लागली. "फिलू, माज्या हलदीच्या कापराचा शिव ना गो औंदा." आईचं नाव फिलोमिना, आळीत तिची फिलू झाली होती. कुणाच्या ब्लाउजाचं कापड बाळ येशूच्या अंगावर जाणार यावरून दोन सख्ख्या जावांनी एकदा अबोला धरला. बेथलेहेमच्या बाळाने आमच्याकडे खण घातला, शालू घातला, एका वर्षी तर जरीकाठाची पैठणीसुद्धा.

पारूमावशीला यातलं काहीच आक्षेपार्ह वाटत नव्हतं. तिला आक्षेप होता तो दुसऱ्याच गोष्टीला. आम्ही राहायला आल्यावरच्या पहिल्याच नाताळात ती गोठा बघायला आली, कंबरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली, आणि आईकडे वळून म्हणाली, "सगला केलास. बैल बसवलंस, चांदनी लावलीस, पोराला झबला शिवलास. आन् हिचा काय?"

"कुणाचं?"

"हिचा गो! बालतीन नाय क ती? थंडीचे दिवस, उघर्‍यावर बालंत झाली, ना शेगरी, ना पोटात काय. ते तिगं राजं येतील तवा येतील. तवर हिनं काय खायाचा?"

आईला हसू आवरेना. मावशीला मात्र हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. चार दिवसांनी, म्हणजे बाळाच्या पाचवीला, ती पितळी डब्यात मेथीचे लाडू घेऊन हजर. बाळ जन्मल्याच्या पाचव्या दिवशी सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून आगऱ्यांकडे पाचवी जोरात करतात. मावशीने गव्हाणीशेजारी पाटी-पेन्सिल ठेवली, सटवाईला लिहायला. वाईट नजर लागू नये म्हणून विळा ठेवला, खरा, गवत कापायचा. बाळाला हळद-कुंकू लावलं. आणि मारियामातेच्या गुडघ्याशी एक लाडू ठेवून तिला म्हणाली, "खा गो बाय. लाजू नको."

हे मग दर वर्षीचंच झालं. उरलेले लाडू आम्ही खायचे. एकदा पाचवीच्याच संध्याकाळी घर आशीर्वादित करायला ठाण्याहून फादर आले आणि थेट त्या विळ्यावर त्यांची नजर गेली. पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आईने अडखळत सगळं सांगितलं. फादरनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विळा जरा बाजूला सरकवला, पवित्र पाणी शिंपडलं, आणि जाता जाता विचारलं, "लाडू एकच केलाय का हो?" मावशी शेजारून सगळं ऐकत होती. तिने फादरना बांधून चार लाडू दिले.

*

मी चौथीत होते त्या वर्षी आमच्याकडे बाळ येणार होतं. मी एकटीच होते इतके दिवस, त्यामुळे मी आळीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. उन्हाळाभर आईने ब्लाउजांच्या मधल्या वेळात झबली शिवली. चिंध्यांची नाही, ठाण्याहून मुद्दाम आणलेल्या मऊ कापडाची. पिवळं झबलं माझ्या पसंतीचं. लेस मी निवडली होती. वसईची आजी डिंक, मेथी, खारीक असं सगळं घेऊन आली होती आणि फडताळात तिने त्याचे वेगळे डबे लावले होते.

भर पावसात आई ठाण्याच्या इस्पितळात गेली आणि काही दिवसांनी आली. एकटीच आली. त्याबद्दल मला तेव्हा कुणी काही सांगितलं नाही आणि नंतर मी विचारलं नाही. झबली ट्रंकेत गेली. त्याच ट्रंकेत पावडरच्या रिकाम्या डब्यात आमचा बाळ येशू असायचा, कापसात गुंडाळलेला. आजी परत जाताना डिंक-मेथीचे डबेही पिशवीत घालून घेऊन गेली. माझ्या लेकीच्या डोळ्यांसमोर नकोत, म्हणाली. आई आठवड्याभरात मशीनवर बसली. आळीतल्या बायका ब्लाउजाची मापं द्यायला येत, खालच्या आवाजात बोलत आणि लवकर उठत. सगळ्या चांगल्या होत्या. पण काय बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं.

नाचणी मी पेरली. डिसेंबर लागला आणि पेरायची म्हणून पेरली. पप्पांनी कागद आणले, चांदणी बांधली, तिच्या दिव्याची वायर मावशीच्या ओट्यावरून घेतली. आईने अडवलं नाही आणि हातही लावला नाही. आमच्याकडे पाठ करून ती शिवत राहायची. मी एकदा मुद्दाम तिची चांगली कात्री घेऊन कागद कापायला लागले, ती ओरडेल म्हणून. तिने नुसतं बघितलं आणि पुन्हा टीप घालायला लागली. मी कात्री पुसून जागेवर ठेवली. त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली तेवढी अंधाराचीही कधी वाटली नव्हती.

झबल्याचं कापड यंदा कुणाचं, हे त्या वर्षी एकाही बाईने विचारलं नाही.

नाताळच्या सकाळी गोठ्यात सगळे होते. दोन बैल, योसेफ, मेंढपाळ, बदकं. मारियामाता हात पुढे करून बसलेली. गव्हाण रिकामी. मी पप्पांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "ट्रंक उघडू?" पप्पा म्हणाले, "नको, राहू दे. आईला ठेवू दे." त्यांनी करंज्यांची ताटं आळीत वाटली. शेजारची पोरं गोठा बघायला आली तेव्हा त्यातल्या एकाने विचारलंच, "बाळ कुठाय?" पप्पा म्हणाले, "येईल." आत आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मला एकच गोष्ट हवी होती, आईने ते बाळ ठेवायला हवं होतं. ते ठेवलं गेलं नाही तर ती अशीच पाठमोरी राहील, असं मी मनाशी पक्कं धरून बसले होते.

पाचव्या दिवशी दुपारी पारूमावशी आली.

आई मशीनवर होती. मावशीच्या हातात नेहमीचा पितळी डबा होता. विळा नव्हता. पाटी-पेन्सिल नव्हती, हळद-कुंकवाची कुयरी नव्हती. फक्त डबा. ती गोठ्यासमोर पाय दुमडून बसली आणि तिने झाकण काढलं. तुपाचा आणि भाजलेल्या मेथीचा तो गरम कडू वास घरभर झाला. पावसाळ्यात आजीच्या पिशवीतून निघून गेलेला वास होता तो.

"यंदा नको, मावशी," आई वळून न बघता म्हणाली. "यंदा बाळ नाही ठेवलेलं."

"दिसतंय मना. डोलं फुटलं नाय माजं."

"मग कशाला आणलेत?"

मावशीने लाडू मारियामातेच्या गुडघ्याशी टेकवला, नीट, घरंगळणार नाही असा. मग ती शांतपणे म्हणाली, "मी पोरासाठी कवा आनलं होतं? मी हिच्यासाठी आनतंय. पोर जगला तरी ही बालतीनच, नाय जगला तरी बालतीनच. कंबर पोराची दुखतंय क? हिची दुखतंय. दूध हिला आयला, अंग हिचा मोरला. आन् पोर नाय म्हनून कोनी हिला इचारलाच नाय."

मशीन थांबलं.

"पावसापासून बगतंय मी," मावशी म्हणाली. ती अजूनही मारियामातेकडेच बघत बोलत होती. "अशीच बसून हाय. उठताना कमरंला हात लावतंय. मी पन येडी, मना पन तवाच याचा होता. मीच नाय आलू. काय तोंड घेऊन जाऊ, बोललू."

आई उठली. मशीनपासून गोठ्यापर्यंत चार पावलांचंही अंतर नव्हतं, पण ती भिंतीला धरून आली आणि मावशीशेजारी बसली. मावशीने मारियामातेच्या पुढ्यातला लाडू उचलला. तूप सुटलं होतं, निळ्या झग्यावर त्याचा गोल डाग पडला होता. तो लाडू तिने आईच्या हातात दिला.

"घे. तिचा झाला खाऊन."

आईने लाडूचा एक घास घेतला आणि ती रडायला लागली. आवाज करून, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तशी. पावसाळ्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी घाबरून पुढे झाले तर मावशीने मला हातानेच अडवलं. आई रडत होती आणि खात होती. मध्येच म्हणाली, "कडू आहे गं."

"आसाचाच. खा."

तिने तो संपवला. मग मावशीने दुसरा दिला. मीही हात पुढे केला तर मावशीने डबा मागे घेतला. "तुजं नाय ते. ते बालतीनीचं." दर वर्षी डबाभर लाडू मीच फस्त करत आले होते आणि त्या दिवशी मला त्यातला कणही मिळाला नाही. मला त्याचं इतकं बरं वाटलं की मी बाहेर जाऊन मावशीच्या उडवीमागे बसले आणि मीही रडून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी रोज दुपारी यायला लागली. खोबरेल कोमट करून आईची कंबर, पाठ, पाय रगडायची. घमेल्यात निखारे घालून बाजेखाली शेक द्यायची. पाच महिने उशिराने आमच्या घरात बाळंतपण चालू झालं. गिऱ्हाईक आलं की मावशी आतून ओरडून सांगायची, "शिवनार नाय आज. फिलू बालतीन हाय." बायका दारातच थबकायच्या. मग हळूहळू त्यांचं येणं वाढलं. कुणी अळीव आणले, कुणी सुकट घातलेली भाकरी, कुणी नुसतं येऊन आईच्या पायाशी बसलं. काय बोलावं ते आता त्यांना कळत होतं. बाळंतिणीशी बोलायची एक रीत असते आणि ती सगळ्यांना येत होती.

गव्हाण अजून रिकामीच होती. मावशी रोज गोठ्यासमोरून आत जायची, बाहेर यायची. तिने एकदाही त्याबद्दल विचारलं नाही.

सहा जानेवारीला, बाळाला भेटायला तीन राजे पोचले त्या सणाच्या दिवशी, मी शाळेतून आले. पप्पा पहिल्या शिफ्टवरून यायचे होते. आई मशीनवर होती आणि तिच्या तोंडात टाचण्या होत्या. दप्तर टाकताना माझं लक्ष गोठ्याकडे गेलं. माझी नाचणी तोवर पिवळी पडून आडवी झाली होती, चांदणीचा एक कोपरा सुटला होता. आणि गव्हाणीत बाळ होतं. त्याच्या अंगावर त्या वर्षी नवं झबलं नव्हतं. पण त्याच्याखाली, पेंढ्यावर, माझ्या पसंतीचं पिवळं झबलं घडी करून अंथरलं होतं. त्या एवढ्याशा गव्हाणीत ते मावत नव्हतं. पांढरी लेस दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती.

"आई, कधी ठेवलंस?"

"स्टोवर दूध आहे, बघ जरा. उतू जाईल," आई म्हणाली. आणि मग टाचण्यांमधूनच, "आणि ती कात्री कुणी घेतली होती माझी? धार गेली सगळी."

*

आई असेतोवर दर पाचवीला तिने मावशीला लाडू पाठवले. मावशी आमच्याकडे आणायची, आई तिच्याकडे पाठवायची, दोघींच्याही लाडवांची चव तोवर एकच झाली होती. आई गेल्यापासून ते काम माझं आहे. डोंबिवलीहून ठाण्याला जायचं, तिथून रिक्षाने कोलशेत. चाळ नाही, उडवी नाही, खाडी दिसत नाही. चाळीच्या जागी इमारत उभी आहे आणि तिच्यात अगदी वरच्या मजल्यावर मावशी मुलाकडे राहते. खिडकीतून खाली मिठागराची जागा दिसते, म्हणजे जिथे ते होतं ती जागा. मावशी खूप थकली आहे. माणसं ओळखत नाही, काळ-वेळ कळत नाही. मुलाला कधी दीर समजते, कधी बाप.

यंदा गेले तर ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. सून म्हणाली, "आई, बग कोन आयलंय." मावशीने माझ्याकडे परक्यासारखं बघितलं. मी शेजारी बसले, डबा उघडला. भाजलेल्या मेथीचा वास आला तशी तिची मान वर झाली.

"कोन बालंत झालाय?" तिने विचारलं.

 मी म्हटलं, "मारियामाता, मावशी. आज पाचवी."

तिने लाडू हातात घेतला.  ती माझ्या तोंडाकडे निरखून बघत होती, मी कोण ते तिला आठवत नव्हतं याची मला खात्री आहे. मग ती माझ्याकडे झुकली आणि पलीकडच्या खोलीत आई मशीनवर बसली असावी आणि तिला ऐकू जाऊ नये, अशा बारीक आवाजात म्हणाली,

"गो, फिलूनं पोराला ठेवला क?"

इतक्या वर्षांत तिने विचारलं नव्हतं. मी तिचा हात धरला.

"ठेवलं, मावशी. तीन राजांच्या दिवशी ठेवलं. खाली झबलं अंथरून."

"मंग बरा झाला," मावशी म्हणाली. तिने लाडू मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा. आता तू पन खा."